यांचे कान आणि टर्बोचा मीटर

गाडीला आणखी एक मीटर लावायचा आहे असं आमच्या यांनी जाहीर केलं, तेव्हा मी चुलीपुढे भाकरी थापत होते आणि माझं डोकं आधीच तापलेलं होतं. गाडीत काय कमी काटे आहेत? डिझेलचा आहे, वेगाचा आहे, इंजिन तापल्याचा आहे. आता आणखी कशाचा हवा?

"टर्बोचा," ते म्हणाले. "टर्बो हवा किती दाबून राह्यला, ते डोयानं दिसलं पायजे."

"सारा जनम गाडी चालवली तुमी. कधी पाहा लागलं नाई. आताच काहून?"

पुढे होऊन त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली. लग्न झाल्यापासून या माणसानं चुलीजवळ हात नेला नव्हता. मी लगेच ओळखलं की गोष्ट काही साधी नाही, पण विचारायची हिंमत झाली नाही.

आमचा तांडा मारेगावच्या अलीकडे, मोठ्या रस्त्यापासून थोडा आत. घरात आमची बंजाऱ्यांची गोरबोली, अंगणाबाहेर वऱ्हाडी आणि शाळेत पुस्तकातली मराठी, अशा तीन भाषा मी आयुष्यभर वापरल्या. तांड्याच्याच शाळेत शिकवलं आणि तिथूनच निवृत्त झाले, त्यामुळे निम्मा तांडा अजून मला बाई म्हणतो आणि मी दिसले की बिडी पाठीमागे लपवतो. हे ड्रायव्हर. आधी लोकांचे ट्रक चालवले, मग एका कंत्राटदाराची जीप, आणि शेवटी आमची स्वतःची सात सीटची टर्बो डिझेल गाडी. तांड्यात कुणाला दवाखान्यात न्यायचं असो की कुठे सोयरीक पाहायला जायचं असो, माणूस आमच्याच अंगणात येऊन उभा राहायचा. आमच्या पूर्वजांनी बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलखामुलखात पोचवलं, याचा यांना फार अभिमान. "पोचवनं हे आपलं कामच हाय," असं म्हणत ते जेवण अर्धं टाकून उठायचे. मला त्याचा राग यायचा आणि कौतुकही वाटायचं. राग मी बोलून दाखवत असे.

टर्बो म्हणजे काय ते मला यांच्याकडूनच कळलं. इंजिनातून जो धूर बाहेर पडतो, त्याच्या जोरावर एक लहानसा पंखा फिरतो आणि तो इंजिनात जास्तीची हवा कोंबतो. त्या हवेमुळे भरलेली गाडी चढावर दम सोडत नाही. पंखा फिरायला लागला की बारीक शीळ ऐकू येते. हे तिला सीटी म्हणायचे. सीटी कुठे सुरू झाली, कुठे चढली, कुठे बसली, यावर यांचा गिअर बदलायचा. गाडीत गाणी नाहीत आणि कितीही थंडी असली तरी यांच्या बाजूची काच खाली. यवतमाळच्या अलीकडे घाट लागला की गाडीत बोलायलाही बंदी. एकदा एका नवरदेवाचा मामा ऐन घाटात मानपानावरून तणतणायला लागला. यांनी गाडी कडेला घेतली, हातब्रेक ओढला आणि मागे वळून शांतपणे सांगितलं, "मामा, एक तं तुमी बोला, नाई तं गाडी चढू द्या." मामा यवतमाळपर्यंत गप्प.

यांच्या कानांची ख्याती मारेगावपर्यंत होती. एखादी गाडी कशामुळे आवाज करते ते कळेना की तिथले मिस्त्री यांना बोलवायचे. हे बॉनेटजवळ मान वाकडी करून उभे राहायचे, डोळे मिटायचे आणि सांगायचे. ते सांगतील तेच उघडून पाहायचं, असा तिथला रिवाजच पडून गेला होता. कधी चुकलेही असतील, पण त्याची आठवण कुणी ठेवली नाही.

मग एकदा एका लग्नाहून परत येताना घाट लागला आणि मागच्या सीटवरच्या बायका बोलत राहिल्या. मीही बोलत होते. वधूच्या आईची साडी, वाढप्यांची कंजुषी, सगळं मोठमोठ्यानं. घाट संपला, करंजी आली, आणि एकदम माझ्या लक्षात आलं की यांनी कुणाला गप्प बसवलं नाही. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते रस्त्याकडे पाहत होते, आणि कपाळावर आठ्या होत्या. त्यानंतर मी बारकाईनं पाहू लागले. कुकरची शिट्टी झाली तरी हे हलायचे नाहीत. दारातून मी हाक मारली तर तिसऱ्या हाकेला वळायचे, आणि वळल्यावर उगाच चिडायचे. माझ्या बोलण्याला "हं" म्हणायचे, मग मी काहीही बोलले तरी "हं".

मीटरचं त्यांनी मनावर घेतलं ते असं. मारेगावला ज्या मिस्त्रीकडे ते नेहमी जायचे, त्याच्याकडे टर्बोचा मीटर कुठला असणार? त्यानं तो कधी बसवलाही नव्हता. पण यांनी सांगितलं म्हटल्यावर नाही म्हणायची त्याची छाती नव्हती. दाब मोजायचा मीटर हवा ना, मग त्यानं फवारणीच्या पंपावरचा मीटर काढला. आमच्याकडे कापसावर औषध फवारायचे पंप घरोघरी आहेत आणि ट्रॅक्टरवर चालणाऱ्या मोठ्या पंपांना असा गोल काचेचा मीटर असतो. रबरी नळीनं तो टर्बोला जोडला आणि तारेनं स्टिअरिंगजवळ बांधला. यांनी इंजिन चालू करून पाय दाबला, पण काटा जागचा हलला नाही.

त्या दिवशी मी बाजार आटोपून गॅरेजवर आले, तर गाडीचं बॉनेट उघडं आणि टर्बो बाहेर काढून पोत्यावर ठेवलेला. हे त्याच्याशेजारी उकिडवे बसले होते, चेहरा उतरलेला.

"टर्बो गेला," ते मला म्हणाले. "काटाच उठून नाई राह्यला."

मिस्त्रीनं टर्बो पुसला, पंखा बोटानं फिरवून पाहिला. पंखा सुरळीत फिरत होता. त्याला काही खराबी दिसेना, तरी यांनी म्हटलं म्हणून त्यानं सगळं धुऊन पुन्हा बसवलं. यात दुपार गेली. शेवटी गाडी चालू केली, मी पुढच्या सीटवर पिशव्या मांडीवर घेऊन बसले होते. यांनी पाय दाबला आणि सीटी वाजली, चांगली स्पष्ट, चढत गेली. काटा मात्र तसाच पडलेला.

"मेलाच तो," हे म्हणाले.

"अवो, मेला कायचा?" मी म्हटलं. "सीटी तं वाजून राह्यली ना इतकी."

यांनी माझ्याकडे पाहिलं. मग मिस्त्रीकडे पाहिलं. मिस्त्री खाली पाहून हातातला पाना फडक्यानं पुसायला लागला, जो आधीच पुसलेला होता.

"तुले येत होती ऐकू?" यांनी त्याला विचारलं.

"येत होती, काका," तो म्हणाला. "सकायपासूनच येत होती. पन तुमी म्हनलं टर्बो मेला, तं मले वाटलं माह्याच कानात काई खराबी हाय."

असं कुठे होतं का? समोर धडधडीत सीटी वाजते आहे, आणि माणूस स्वतःच्या कानांवर विश्वास ठेवत नाही, कारण काका नाही म्हणतात. आमच्या इकडे होतं. मीटरची गोष्ट नंतर कळली, फवारणी पंपाचा मीटर फार मोठ्या दाबासाठी असतो, टर्बोच्या एवढ्याशा दाबानं त्याचा काटा हलणारच नव्हता. पण त्या वेळी मीटरचं कुणाला पडलं नव्हतं. यांनी गाडी बंद केली आणि दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून बसून राहिले. मला त्यांचा हात धरावासा वाटला. गॅरेजमध्ये माणसं होती, म्हणून मी पिशवीतली कोथिंबीर नीट करत बसले.

पुढच्याच आठवड्यात मी त्यांना यवतमाळला कानाच्या डॉक्टरकडे नेलं. नेलं म्हणजे, गाडी तेच चालवत होते. डॉक्टर तरुण आणि भला माणूस होता. त्यानं कानात यंत्र लावून तपासलं आणि समजावलं, की कानाची नस खराब झाली आहे, जन्मभर इंजिनाशेजारी बसल्याचं हे फळ आहे, ती बरी होत नाही. बारीक आवाज आधी जातात, जाड आवाज मागे राहतात. म्हणून ट्रकची घरघर यांना ऐकू यायची आणि माझी हाक नाही. सीटी सगळ्यात बारीक, म्हणून सगळ्यात आधी गेली. ऐकायचं मशीन मिळालं. ते लावून यांनी गाडी चालवून पाहिली, आणि पहिल्याच गावाशी काढून खिशात घातलं. "डोक्यात कोनी रिकामा पिपा वाजवून राह्यलं," म्हणाले. नुसतं इंजिनच मोठं झालं होतं, सीटी त्यात कुठेच नव्हती.

मी त्यांना म्हटलं, गाडी आता सोडा. हे मी जवळ जाऊन, कानाशी, चांगलं मोठ्यानं म्हटलं. असं म्हटलेलं त्यांना ऐकू यायचं. ते म्हणाले, "गाडी सोडून करू काय? तुह्यासारखी पेन्शन खात ओट्यावर बसू?" मग आवाज खाली आणून म्हणाले, "खरा मीटर लावून पाहू दे. कानाचं काम डोये करतीन." त्यांच्या बोलण्यात विनवणी होती. यांनी मला कधी विनवलं नव्हतं. मी नागपूरच्या मुलीला फोन केला आणि तिनं मोबाइलवरून खरा मीटर मागवला.

तो आला तेव्हा डबीत एक गोल मीटर, लांब बारीक नळी, पितळेचा तीन तोंडांचा जोड आणि इंग्रजी कागद एवढं निघालं. गॅरेजवर जायला यांचं मन होईना, म्हणून आम्ही दोघांनीच अंगणात बसवायचं ठरवलं. सकाळची वेळ होती. मी कागद वाचून खुणेनं दाखवायचे, ते करायचे. टर्बोवरून एका डबीकडे जाणारी रबरी नळी त्यांनी ब्लेडनं मधोमध कापली, दोन टोकं त्या जोडाच्या दोन तोंडांत बसवली आणि तिसऱ्या तोंडाला मीटरची नळी लावली. आता ती नळी इंजिनाकडून गाडीच्या आत आणायची होती. तारा ज्या भोकातून येतात, त्यातूनच ती ढकलायची. हे बॉनेटमध्ये वाकले आणि मी आत स्टिअरिंगखाली डोकं घालून, एका हातात बॅटरी धरून नळीची वाट पाहू लागले. या वयात मी कोणत्या अवस्थेत बसले होते ते सांगत नाही.

नळीचं टोक आलं. "आली, आली!" मी ओरडले. नळी येतच राहिली. "अवो, आली ना, पुरे!" ती वेटोळी घालत माझ्या अंगावर येऊन पडत होती आणि बाहेरून हे मन लावून ढकलत होते. मला हसू यायला लागलं. बॉनेटच्या आड ते, स्टिअरिंगखाली मी, आणि मधे ती नळी. हसता हसता मला रडू कोसळलं. मी तशीच पडून राहिले. शेवटी नळी संपली तेव्हा ते दाराशी आले, माझ्याकडे पाहिलं आणि ओशाळून म्हणाले, "आवाज तं द्याचा."

मग आम्ही खूण ठरवली. नळी एकदा ओढली की थांबायचं, दोनदा ओढली की पुढे ढकलायचं. त्या खुणेनं उरलेलं काम झालं. मीटरच्या दिव्याची तार जोडली आणि मीटर समोरच्या काचेशेजारच्या खांबाला घट्ट केला. मी कुंकू लावायला गेले तर काचेला लावू दिलं नाही, काटा झाकेल म्हणाले, मग खाली कडेला बोट टेकवलं. गाडी चालू करून मोठ्या रस्त्यावर काढली आणि त्यांनी पाय दाबला. काटा थरथरला आणि सरसर वर गेला. तसं हसताना मी त्यांना लग्नातही पाहिलं नव्हतं.

खूण आम्ही गाडीतही चालू ठेवली. मी सोबत असले की त्यांच्या सीटच्या पाठीवर थाप मारायची. एक थाप म्हणजे थांबवा, दोन थापा म्हणजे घ्या पुढे. पाठीला कळतं, कान लागत नाहीत. काही दिवस खरोखर बरे गेले. हे काट्यावर गिअर बदलायचे. घाट पुन्हा पहिल्यासारखा चढू लागला. फक्त आता त्यांची नजर रस्त्यावरून काट्यावर आणि काट्यावरून रस्त्यावर जायची, आणि मागून कुणी हॉर्न वाजवत राहिलं की मी पाठीवर थापा मारत राहायचे. शेजारी बसणारा माणूस दोन्ही हातांनी सीट धरून बसतो, हे मला दिसत होतं. यांना दिसत नव्हतं. मी बोलले नाही, कारण बोलून झालं होतं.

तांड्यातली एक पोर दिवसांत होती. मी तिला पाढे शिकवले होते. पहिलंच बाळंतपण. तालुक्याच्या दवाखान्यात तपासलं तर रक्तदाब चढलेला निघाला, यवतमाळला न्या म्हणाले. तिचा नवरा मुकुटबनकडे कुणाची तरी पिकअप चालवायचा, तो तिकडून थेट दवाखान्यात येतो म्हणाला. तिची आई आमच्या दारात आली. भर दुपार होती. हे जेवत होते, ताटावरून उठले.

पोरीला मधल्या सीटवर आडवी घेतली. तिचं डोकं माझ्या मांडीवर, पायांशी तिची आई. मी यांच्या बरोबर मागे. निघण्याआधी यांनी आतला आरसा वर करून छताकडे फिरवला. मागे दिवस भरलेली बाई असली की आरशातून पाहायचं नाही, ही त्यांची जुनी रीत, त्याबद्दल तांड्यातल्या बायका त्यांना दुवा देत आल्या होत्या.

करंजी मागे पडली आणि पोरीच्या कळा वाढल्या. "याडी, ये याडी," असं ती आईला हाका मारत होती. घाटाच्या अलीकडे तिच्या आईनं माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "बाई, आलंच. गाडी थांबवा."

मी पाठीवर थाप मारली. त्याच वेळी पोरीनं माझा हात ओढला, तो सुटला तशी मी पुन्हा मारली. मग काय मारलं आणि किती मारलं, मला शुद्ध नव्हती. मी ओरडत होते, "थांबवा, अवो थांबवा!" यांच्या पाठीला एकामागून एक थापा कळल्या आणि त्यांचा त्यांनी एकच अर्थ घेतला. त्यांनी डावा हात वर करून मला धीर दिला, घाबरू नको म्हणून, आणि पाय दाबला. सीट आणि दाराच्या मधून मला तो काटा दिसत होता. तो वर जाऊन तिथेच उभा राहिला. घाट सुरू झाला होता. वळणावर चालवणाऱ्याचा खांदा ओढायचा नसतो हे मला यांनीच शिकवलं होतं, आणि एका बाजूला दरी होती. मी ओढला नाही.

मूल त्या घाटातच झालं. पोरीच्या आईनं ते आपल्या लुगड्याच्या पदरात झेललं. मुलगी होती. क्षणभर काही आवाज नाही आणि मग ती रडायला लागली, अशी रडली की माझे कान फाटले. सबंध घाटभर रडली. यांच्या मानेपासून हातभर अंतरावर ती रडत होती आणि मला यांची मान दिसत होती, ताठ, खूष. ते एकेक वळण जिवाच्या कराराने घेत होते. मी ओरडायची थांबले. आता थांबून उपयोग नव्हता, नाळ तशीच होती, दवाखाना गाठणंच बरं. पण ती मान मला विसरता येत नाही.

दवाखान्याच्या दारात गाडी लागली. तोवर मूल दमून झोपलं होतं. यांनी उडी मारून मागचं दार उघडलं. "पाहा," ते म्हणाले, "काटा खाली येऊ नाई देला. कशी आनली?" आणि मग त्यांना दिसलं. पदरातलं ते लालबुंद मूल, सीट, माझे हात. त्यांचं हसू चेहऱ्यावर तसंच राहिलं, फक्त डोळे बदलले. त्यांनी मान फिरवली आणि लोकांना बोलवायला धावले.

दोघी सुखरूप राहिल्या. डॉक्टरीण रागावली आणि मग हसली. तांडाही हसला. घाटात जन्मली, धावत्या गाडीत जन्मली आणि काकांना पत्ताच नाही, ही गोष्ट प्रत्येक ओट्यावर रंगवून सांगितली गेली. तान्ह्या पोरीला सगळे टर्बो म्हणू लागले. लोकांच्या मनात वाईट काही नव्हतं. हे बसलेले असले आणि सगळे हसले की हेही हसायचे, थोडे उशिरा.

सीट यांनी स्वतः धुतली. तांड्यातल्या म्हाताऱ्या म्हणाल्या, गाडीच बाळंतिणीची खोली झाली, तेव्हा सव्वा महिना तिलाही विश्रांती द्या. त्या अर्ध्या गमतीत म्हणाल्या होत्या. यांनी ते पक्कं धरलं. कुणी बोलवायला आलं की सांगायचे, "सव्वा महिना नाई." लोक दुसरी गाडी बघायचे. मला वाटलं, बरं झालं, आपोआप सुटेल. पण रोज सकाळी ते अंगणात गाडी चालू करायचे, जागच्या जागी पाय दाबायचे. उभ्या गाडीत काटा जेमतेम हलायचा. तेवढा पाहून बंद करायचे. असं पाहण्यापेक्षा ते रागावले असते, भांडले असते, तर मला सोपं गेलं असतं.

सव्वा महिना झाला. त्या दिवशी तान्ह्या पोरीला घेऊन तिचे आईबाप आमच्याकडे आले, नारळ आणि गोड भात घेऊन. गाडीला हळदकुंकू वाहिलं, पोरीला क्षणभर त्या सीटवर निजवलं, मग ओट्यावर येऊन तिला यांच्या मांडीवर दिली. शेजारपाजारचे जमले होते. मी चहा दिला. पोरीला अनोळखी मांडी आवडली नसावी. तिनं तोंड उघडलं, डोळे गच्च मिटले आणि टाहो फोडला. इतक्या लहान मुलांच्या डोळ्यांत रडताना पाणी येत नाही. हे तिच्याकडे कौतुकानं वाकून पाहत होते.

"झोप आली वाट्टे," ते म्हणाले. "केवढी जांभई देऊन राह्यली, पाह्य."

कुणी हसलं नाही. चहाचा कप हातात तसाच धरून सगळे बसले. यांनी वर पाहिलं, एकेकाचा चेहरा पाहिला, मग माझा.

मी त्यांच्या कानाशी गेले. "जांभई नाई," मी म्हटलं. "रडून राह्यली."

"मोठ्यानं?"

"हो."

"त्या दिवशीबी?"

मी मान हलवली.

"कुठलोक?"

"घाटभर," मी म्हटलं. "सारा घाट."

त्यांनी पोरीला उचललं, तिच्या आईच्या हातात नीट दिलं, डोक्याखाली हात आहे ना ते पाहिलं. मग घरात गेले आणि खुंटीवरची गाडीची किल्ली घेऊन आले. पोरीच्या बापासमोर उभं राहून त्यांनी ती त्याच्या तळहातावर ठेवली आणि त्याची बोटं मिटली. तो गडबडला. मोठ्या माणसाच्या हातून किल्ली कशी घ्यायची, असं त्याला झालं. यांच्याकडे वर पाहायचं धाडसही त्याला झालं नाही. मान खाली घालून, हळू आवाजात तो म्हणाला, "काका, असं नका करू. गाडी तुमीच चालवा. आमच्या तांड्याले भरोसा तुमचाच हाय. माही पोरगी तुमीच तं पोचवली."

सगळ्यांनी ऐकलं. हे त्याच्या वाकलेल्या डोक्याकडे पाहत होते, त्याचे ओठ यांना दिसत नव्हते.

"हो," ते म्हणाले, "डिझेल हाय टाकीत. यवतमाळलोक जाशीन."

तो माझ्याकडे बघायला लागला. सगळेच माझ्याकडे बघायला लागले, की बाई सांगतील कानाशी जाऊन. यांच्या साऱ्या आयुष्यात याहून मोठं कुणी त्यांना काही म्हटलं नव्हतं. मला तिथून तिथे दोन पावलं जायचं होतं आणि ओरडायचं होतं. मी ओरडले असते तर त्यांना ऐकू गेलं असतं, आणि त्यांनी किल्ली परत घेतली असती. मी ओट्यावरचे कप गोळा केले आणि आत गेले.